बागेतल्या डब्यात हात कुणाचा जातो?

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेआठ झाले असतील. दवाखान्याचे दार नुकतेच उघडले होते, कंपाउंडर अजून यायचा होता. आमच्या बागेत झाडलोट करणाऱ्या मावशी पायरीवर बसलेल्या दिसल्या. उजव्या हाताचे बोट त्यांनी पदरात आवळून धरले होते.

“काय न्हाय डाक्टर, काटा मोडला जरा बोटात. चुना लावलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, म्हंजे जाते. निम्मी बाग झाडायची ऱ्हायलीया.”

“मावशी, काटा आणलाय का बरोबर?”

त्यांनी कमरेची चंची सोडून कागदाची एक पुडी माझ्या हातावर ठेवली. पुडीत काटा नव्हता. इन्सुलिनच्या पेनाला लावतात ती, प्लास्टिकच्या बुडाची, सुताएवढी बारीक सुई होती. डब्यात हात घालून ओला कचरा उपसताना ती त्यांच्या बोटात शिरली होती.

वाचकहो, या सदरात आपण मधुमेह, दमा, कावीळ, डेंग्यू असे एकेक दुखणे घेऊन बोलत आलो. आज दुखणे घेत नाही, बाग घेतो. कारण ही चारही दुखणी मला त्या एका बागेच्या कचऱ्यात सापडली. गावाचे आणि बागेचे नाव मुद्दाम देत नाही. आपापल्या गावची बाग डोळ्यांपुढे आणावी, फारसा फरक पडणार नाही.

आधी मावशींचे बोट. चुना धुऊन काढला. साबण लावून वाहत्या नळाखाली चांगली पाच मिनिटे हात धुतला. सुई टोचली की बोट पिळून रक्त काढायची आपल्याकडे रीत आहे, ती करू नये. चुना, हळद, स्पिरिट असले काही जखमेवर ओतूही नये. साबण आणि पाणी पुरे. धनुर्वाताची लस दिली, ‘कावीळ ब’ची लस सुरू केली आणि मावशींना रिक्षात घालून त्याच तासाला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो. कारण टाकून दिलेली सुई टोचली तर धनुर्वातापेक्षा मोठी भीती ‘कावीळ ब’, ‘कावीळ क’ आणि एचआयव्हीची असते. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्या पुढे 28 दिवस चुकता घेऊन चालत नाहीत.

उगाच घबराट नको म्हणून हेही सांगतो. रोग असलेल्या माणसाला टोचलेली ताजी सुई दुसऱ्याला टोचली, तर एचआयव्हीची बाधा हजारात सुमारे तिघांना होते. ‘कावीळ क’ची शंभरात दोघांना. ‘कावीळ ब’ची मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तिसांपर्यंत जाऊ शकते. इन्सुलिनची सुई बारीक, ती शिरेत जात नाही, कातडीखालच्या चरबीत जाते. म्हणून तिच्यावर रक्त जवळजवळ नसते आणि धोका आणखी पुष्कळ कमी होतो. पण ‘कावीळ ब’चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवसही जिवंत राहतो. मावशींनी तिची लस कधी घेतली नव्हती. बागेतल्या एकाही कामगाराने घेतली नव्हती. आणि ती सुई नेमकी कुणाला टोचून डब्यात आली हे कुणालाच ठाऊक नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी विचार करून गोळ्या सुरू केल्या. दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासायचे ठरले.

परत येताना रिक्षात मावशी काही बोलल्या नाहीत. मीही नाही. सुई कुणाची, हा प्रश्न माझ्याच डोक्यात घोळत होता. बागेत सकाळी फेरी मारून, बाकावर बसून इन्सुलिन घेऊन, समोरच्या उपाहारगृहात पोहे खायला जाणारे चार-पाच मधुमेही मला माहीत होते. चौघे तर माझेच रोगी. इन्सुलिन पोटावर कसे टोचायचे, जागा कशी बदलायची, औषध थंड कसे ठेवायचे हे मी प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास समजावले होते. वापरलेली सुई कुठे टाकायची हे मी एकालाही सांगितले नव्हते. कुणी विचारलेही नव्हते. डबा आहे ना, त्यात टाकायची!

अठरा पेंग्विन

आणि तो डबाही माझ्याच सूचनेने आला होता, हे आता कबूल केले पाहिजे. फिरायला येणाऱ्यांची आमची एक मंडळी आहे. तीन वर्षांपूर्वी नगरसेवकांबरोबर बैठक झाली, तेव्हा मी मोठ्या तावातावाने म्हणालो, “लोक कचरा खाली टाकतात कारण डबेच नाहीत. डबे वाढवा.” टाळ्या पडल्या. देणगीदार मिळाले. महिन्याभरात बागेत तोंड उघडून उभे असलेले अठरा पेंग्विन आले. प्रत्येकाच्या पोटावर देणगीदाराचे नाव, नावाखाली ‘मला वापरा’. नावाची अक्षरे मोठी होती एवढे सांगतो, बाकी आपण समजून घ्याल.

मुलांना पेंग्विन फार आवडले. पण त्याचे तोंड वीतभर. पोट मोठे, बुडाला दार नाही आणि चोरीला जाऊ नये म्हणून पाय सिमेंटात पक्के केलेले. उचलून उपडा करता येत नाही. म्हणजे रिकामा करायचा एकच मार्ग: तोंडातून हात घालायचा, खांद्यापर्यंत, आणि आत काय आहे हे न बघता चाचपत ओढून काढायचे. डबा कुणाला टाकायला सोपा पडेल याचा विचार आम्ही केला होता. तो कुणाला रिकामा करायचा आहे, हा विचार बैठकीत एकाच्याही मनात आला नाही. मावशींना तर कुणी बैठकीला बोलावलेच नव्हते.

पूर्वी सहा पिंपे होती, ती रोज रिकामी होत. अठरा पेंग्विनांची पाळी तीन-चार दिवसांनी येऊ लागली, कारण माणसे वाढवली नव्हती, गाडीही एकच. भेळेचे कागद, मक्याची कणसे, लहान मुलांचे डायपर, फुटक्या बाटल्या सगळे एकात एक कुजू लागले. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. पेंग्विनाच्या बुडाशी तर महिन्या-महिन्याचा थर कायम असे. रात्री कुत्री तोंड घालून पिशव्या ओढून काढत. उंदीर वाढले. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोचे जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात, आणि पावसाळ्यात मावशी त्याच चिखलात अनवाणी उभ्या राहून झाडत असत.

रक्त तपासल्याशिवाय औषध

मावशींच्या प्रकारानंतर मी मंडळींपुढे विषय काढला. एकजण म्हणाले, दंडाची पाटी लावा. (पाटी होती. सर्वांत जास्त कचरा तिच्याच बुंध्याशी होता.) दुसरे म्हणाले, शाळेच्या मुलांना बोलावून शपथ द्या. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही रक्त तपासल्याशिवाय औषध देता का? मग कचरा तपासल्याशिवाय उपाय कसे सांगता?”

मुद्दा बिनतोड होता. पुढच्या सोमवारी, म्हणजे रविवारच्या गर्दीनंतर, सकाळी सहा वाजता आम्ही पाचजणांनी एक जुनी ताडपत्री अंथरली. हातात जाड रबरी मोजे, लांब चिमटे. माळीमामांनी आदल्या दिवसाचा सारा कचरा तिच्यावर ओतला आणि आम्ही तो निवडायला बसलो. दोघांना मळमळले, त्यांना घरी पाठवले. उरलेल्यांनी दोन तासांत ढीग वेगळे केले.

सर्वांत मोठा ढीग पालापाचोळ्याचा निघाला. तो बाकी साऱ्या ढिगांना मिळूनही भारी होता. मी इतकी वर्षे ‘लोक घाण करतात’ म्हणत होतो, आणि निम्म्याहून जास्त कचरा झाडांचा! दुसरा ढीग शहाळ्यांचा. तिसरा खाण्याचा: कणसे, सालपटे, शेंगांची टरफले, उरलेली भेळ. त्यानंतर पाण्याच्या बाटल्या, चहाचे कागदी पेले, वेफर्सची चकचकीत पाकिटे. आणि अगदी छोटासा शेवटचा ढीग, ताटलीत मावेल एवढा: काचा, दाढीचे एक पाते, औषधाच्या पट्ट्या, दोन सुया. बाजूला डायपर आणि कागदात न गुंडाळलेले पॅड.

गुरुजींनी ढिगांकडे बघून एवढेच म्हटले, “यातले प्रत्येक वेगवेगळे असते तर कचरा नव्हता.”

खरेच होते ते. पाचोळा एकटा असता तर खत होता. बाटल्या एकट्या असत्या तर भंगारवाल्याने मोजून पैसे दिले असते. पण भेळेच्या पाण्याने वर्तमानपत्र भिजले की रद्दीवाला ते घेत नाही. बाटलीला चिकटलेले खरकटे धुवायला कुणी बसत नाही. आणि चार काचा व दोन सुया त्या साऱ्या ढिगात मिसळल्या की, ज्या बाईला तो निवडून पोट भरायचे आहे तिला प्रत्येक मूठ जपून उचलावी लागते.

धुरातला व्यायाम

पाचोळ्याचे आम्ही काय करत होतो? जाळत होतो. माघ-फाल्गुनात रेन ट्री, सोनमोहर, बदाम यांची पाने इतकी पडतात की, गाडी ती नेत नाही. मग माळीमामा पहाटे कोपऱ्यात ढीग पेटवून देत. त्यात पिशव्या, पेले, पाकिटे असत, तीही जळत. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर जात नाही, पुरुषभर उंचीवर पसरून राहतो. नेमक्या त्याच वेळी आम्ही मंडळी त्यातून झपझप चालत, छाती फुगवून दीर्घ श्वास घेत होतो. काही जण प्राणायामही करत!

या धुरातले अतिसूक्ष्म कण नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यांतले काही रक्तातही उतरतात. दम्याच्या माणसाला तिथल्या तिथे उबळ येते. हृदयविकाराच्या माणसाचे दुखणे बळावते. ओला पाचोळा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. प्लास्टिक जळते तेव्हा, विशेषतः पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले, डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, ती शरीरातून लवकर निघून जात नाहीत. त्या दिवसांत बागेजवळच्या गल्लीतली मुले खोकला घेऊन माझ्याकडे येत आणि मी त्यांना वाफेची औषधे देत असे. ढीग कुठे जळतो हे मला माहीत होते. दोन गोष्टींची सांगड घालायला मला सुई लागली.

कायद्याने हे जाळणे आजचे नव्हे, केव्हाचेच बंद आहे. सन 2000 साली केंद्राने काढलेल्या घनकचरा नियमांतच पाने जाळू नयेत असे होते. 2016 साली नवे नियम आले, त्यांत बागांचा पाचोळा वेगळा गोळा करून शक्यतो बागेतच त्याचे खत करावे असे नगरपालिकांना सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात, अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड सांगितला. आमच्या माळीमामांना यातले काही कुणी कळवले नव्हते. त्यांना जाळू नका म्हणणे सोपे. मग पाचोळा ठेवायचा कुठे, हे त्यांनी विचारले तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते आपल्याच मातीतले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे शेतकरी नारायण पांढरीपांडे, म्हणजे सगळ्यांचे नाडेपकाका, यांनी खताची जी पद्धत बसवली ती ‘नाडेप’ म्हणून शेतकऱ्यांना माहीतच आहे. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतीत हवा खेळायला जागोजाग भोके ठेवलेली. त्यात पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, पुन्हा पाचोळा. आम्ही बागेच्या मागच्या बाजूला अशी दोन टाकी बांधली. विटा जुन्या, गवंड्याची मजुरी मंडळींनी वर्गणी काढून दिली.

पहिला प्रयत्न फसला, हेही सांगितले पाहिजे. नुसती पाने भरली, पाणी मारले आणि तीन महिने वाट पाहिली. पाने जशीच्या तशी! वाळक्या पानांत कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडे. जंतूंना वाढायला नत्र लागते. शेण, हिरवे गवत, बागेतली फळांची साले, कणसांची ओली पाने मिसळली तेव्हा ढीग तापू लागला. आत लोखंडी गज खुपसून दहा मिनिटांनी काढला तर हाताला चटका बसावा, इतका. आतली उष्णता 55 ते 60 अंशांवर काही दिवस टिकली की, बहुतेक रोगजंतू आणि माश्यांची अंडी मरतात. ओल किती? मूठभर काढून दाबावे; हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. वडाची, बदामाची जाड पाने आधी तुडवून बारीक करावीत. तेलकट, शिजवलेले अन्न घालू नये, उंदीर येतात. आणि घातलेच तर वर पाचोळ्याचा वीतभर थर द्यावा. दम्याच्या माणसाने खत चाळायला बसू नये, बुरशीची धूळ उडते. दुसऱ्या वेळी चार महिन्यांत काळे, मातीसारखे, मातीच्याच वासाचे खत निघाले. ते बागेतल्याच गुलाबांना घातले.

शहाळे आणि पट्टेवाला डास

शहाळ्याचा ढीग आम्हांला निरुपद्रवी वाटला होता. माझी चूक गाडीमागे गेल्यावर कळली. आठवडाभर पडलेल्या शहाळ्यांच्या वाट्यांत पावसाचे पाणी साचले होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास, तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, गटारात नव्हे, अशाच साचलेल्या साध्या पाण्यात अंडी घालतो. चहाचा अर्धा पेला त्याला पुरतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तो दिवसा चावतो. सकाळी आणि संध्याकाळी जास्त, म्हणजे बागेच्याच वेळा! फार लांब उडतही नाही. त्या पावसाळ्यात बागेलगतच्या गल्ल्यांतून डेंग्यूचे रोगी आले, तेव्हा मी घराघरांतली पिंपे आणि कूलर तपासायला सांगत होतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते.

शहाळेवाल्याला रागावून उपयोग नव्हता. माळीमामांनीच त्याला तोड सांगितली: “कोयता हातात हायच की तुझ्या. पाणी पिऊन झालं की आडवे दोन घाव घाल.” चार फाकी झाल्या की पाणी साचायला वाटी उरत नाही. त्या उन्हात वाळवून तो आता पोत्यात भरतो. शहाळे कुजायला फार काळ लागतो म्हणून टाक्यात घालत नाही. ठेचून झाडांच्या आळ्यांत पसरतो, ओल टिकते.

(जाता जाता: डेंग्यूच्या दिवसांत ताप आला तर पॅरासिटॅमॉलच घ्यावे, अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्तस्राव वाढतो.)

सुका कचरा कुणाचा?

बागेत रोज पहाटे दोन बहिणी पोती घेऊन येत आणि डब्यांतून बाटल्या, पुठ्ठे वेचत. पहारेकरी त्यांना हाकलत असे. आम्हीही त्यांना बघून पिशव्या जवळ ओढत होतो. ताडपत्रीच्या दिवशी लक्षात आले की, अख्ख्या बागेत कचरा निवडण्याचे काम करणाऱ्या त्या दोघीच आहेत आणि तेही पगाराशिवाय. पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखी माणसे तिच्या पाठीशी होती. वेचक हे कामगार आहेत, हे म्हणणे तिने तिथल्या महापालिकेपुढे मांडले. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली. आमचे गाव लहान, एवढे काही करायची आमची ताकद नव्हती. आम्ही इतकेच केले की, सुक्या कचऱ्यावर त्या दोघींचा हक्क आहे असे पहारेकऱ्याला बजावले आणि वेळ ठरवून दिली.

त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मला मिळाले नव्हते. पाण्याची बाटली विकते, दुधाची पिशवी विकते, कोरडा पुठ्ठा विकतो, पत्र्याचा डबा विकतो. चहाचा कागदी पेला विकत नाही, कारण आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. आम्ही त्याला ‘कागद’ समजून मोठे पुण्य करत होतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि चंदेरी मुलामा एकत्र चिकटवलेला, त्यालाही गिऱ्हाईक नाही. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली, पण पाकिटे त्या बंदीतून निसटली. चहावाल्याने मात्र आमच्या विनवणीवरून काचेचे पेले आणि उकळत्या पाण्याचे पातेले ठेवले. दिवसाकाठी पेले फुटतात म्हणून तो कुरकुरतो. फुटक्या काचा वेगळ्या डब्यात ठेवतो, एवढे खरे.

पेंग्विन गेले. त्यांच्या जागी सहा ठिकाणी, म्हणजे दोन दारांशी, भेळगाडीशी, चहाशी, मुलांच्या घसरगुंडीशी आणि नळाशी, लोखंडी कड्यांच्या जोड्या लावल्या. एकात हिरवी पिशवी ओल्यासाठी, दुसऱ्यात निळी सुक्यासाठी, वर पत्र्याचे छपर. आत काय पडले ते दिसते, पिशवी कड्यातून काढून उचलायची, हात आत घालायचा प्रश्नच नाही. चालायच्या वाटेवर एकही डबा ठेवला नाही. याला सर्वांत जास्त विरोध झाला. पण बाटली हातात घेऊन आलेला माणूस रिकामी बाटली दारापर्यंत नेऊ शकतो, हे आता दिसते. निदान पुष्कळ जण नेतात. स्वच्छतागृहापाशी झाकणाची वेगळी बादली आहे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून टाकावेत अशी विनंती लिहिली आहे. पेनही दोरीने बांधून ठेवले होते. ते दोनदा चोरीला गेले.

आणि रिकामे करायची वेळ बदलली. सकाळऐवजी रात्री साडेआठला, बाग बंद होताना. रात्रभर उंदीर-कुत्र्यांना जेवणावळ उरत नाही. हा बदल फुकटात झाला आणि सर्वांत जास्त उपयोगी पडला, असे माझे मत आहे.

सुयांची बाटली

आता माझ्या मधुमेही वाचकांसाठी. इन्सुलिनची वापरलेली सुई कुठल्याही डब्यात टाकू नये. घरच्या नाही, बागेतल्या नाही, रस्त्यावरच्या तर नाहीच. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक बाटली घ्यावी. फिनेलची वा कपडे धुण्याच्या द्रवाची रिकामी चालते. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. वर ठसठशीत ‘सुया’ असे लिहावे. सुई टोचून झाली की तिथल्या तिथे बाटलीत. आतले छोटे टोपण पुन्हा बसवायच्या भानगडीत पडू नये, त्यातच बोटाला टोचते. साखर तपासायच्या टोचण्याही यातच. मुलांच्या हाताला लागेल अशी बाटली ठेवू नये. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करून आपल्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात द्यावी. दवाखान्यांतील धारदार कचरा पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात वेगळा जातो, त्यात ती जाईल. डॉक्टर घेत नसतील तर का घेत नाहीत असे जरूर विचारावे. बाहेर फिरायला जाताना चष्म्याची जुनी कडक डबी खिशात ठेवावी, सुई तीतून घरी आणावी.

माझ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी असा पांढरा डबा त्या जुलैपासून आहे. बागेतल्या सर्व कामगारांना, त्या दोन बहिणींनाही, ‘कावीळ ब’ची लस तीन वेळा टोचून झाली: पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. मोजे आणि बूट दिले. मोजे उन्हाळ्यात कुणी घालत नाही, हात घामेजतात. लांब चिमटे मात्र सगळे वापरतात.

मावशींच्या गोळ्या 28 दिवस चालल्या. मळमळ होई, जेवण जात नसे, तरी एक दिवस चुकला नाही. घरी त्यांनी ‘पित्ताच्या गोळ्या’ म्हणून सांगितले होते. दीड महिन्याचे रक्त चांगले आले, तीन महिन्यांचेही. जानेवारीत तिसरी तपासणी झाली, तेव्हा अहवाल मी वाचून दाखवला. त्यांनी तो कागद चार घड्या घालून चंचीत ठेवला आणि म्हणाल्या, “आता घरी सांगते, डाक्टर. सहा म्हैने झाले, नातवाचा मुका घेतला न्हाई म्यां.”

मुका घेतल्याने यातले काही होत नाही, हे मी त्यांना जुलैतच सांगायला हवे होते. त्याही वेळी मला कुणी विचारले नव्हते.

गेल्या आठवड्यात सकाळी त्या पुन्हा पायरीवर दिसल्या. माझ्या पोटात गोळा आला. पण बोट पदरात नव्हते. त्यांनी कागदाची पुडी पुढे केली. आत तशीच सुई होती, तेच प्लास्टिकचे बूड.

“घसरगुंडीपाशी पडली व्हती. चिमट्यानं उचलली,” मावशी म्हणाल्या.

मी सुई पांढऱ्या डब्यात टाकली आणि मधुमेहाच्या रोग्यांची वही काढून पहिल्या पानापासून वाचायला बसलो.